हर्पिसचे प्रथिन पेशीत नेमके कुठे आहे? इम्युनोफ्लुओरेसन्सने शोध घेण्याची पद्धत

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या गिलियन एलियट आणि पीटर ओ'हेअर यांनी हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या व्हीपी२२ या प्रथिनाबद्दल चकित करणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. हे प्रथिन ज्या पेशीत तयार होते तिथून बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींच्या केंद्रकात शिरते, असे त्यांच्या चित्रांत दिसत होते. औषधे आणि जनुके पेशींत पोचवायला याचा उपयोग होईल, या आशेने अनेक प्रयोगशाळा या प्रथिनामागे लागल्या. २००१ मध्ये लुंडबर्ग आणि योहान्सन यांनी विचारले, की पेशी जिवंत असतानाही असेच दिसते का? शेजारच्या पेशींची केंद्रके उजळत होती ती पेशी फिक्स केल्यानंतर, म्हणजे रसायनाने मारून जागच्या जागी स्थिर केल्यानंतर. फिक्स करताना सुटलेले प्रथिन आजूबाजूच्या केंद्रकांना जाऊन चिकटते, असे त्यांनी दाखवले. वाद पुढेही चालू राहिला, पण तेव्हापासून व्हीपी२२चे कोणतेही चित्र पाहिले की पहिला प्रश्न येतो: पेशी कशाने फिक्स केल्या होत्या?

संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूची रचनात्मक प्रथिने कुठे आहेत हे इम्युनोफ्लुओरेसन्सने, म्हणजे प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी आणि चमकणारा रंग वापरून, पहिल्यांदाच शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ घेतला आहे, कारण या कुळात सर्वांत बारकाईने अभ्यासलेला विषाणू तोच. माझे म्हणणे एवढेच, की प्रथिनाची ‘जागा’ संसर्गाची वेळ, फिक्सेशनची रीत आणि अँटिबॉडीची पोच या तीन गोष्टींवर ठरते. या तिन्ही नोंदवल्याशिवाय ‘हे प्रथिन केंद्रकात असते’ असे लिहू नये.

आधी विषाणू नीट ओळखा

कण बाहेरून आत उलगडला तर चार थर लागतात: ग्लायकोप्रोटीन रोवलेले मेदाचे आवरण, त्याखाली टेग्युमेंट नावाचा प्रथिनांचा दाट थर, मग कॅप्सिडचे कवच आणि आत सुमारे १,५२,००० बेस-जोड्यांचा दुपदरी डीएनए.

कॅप्सिडचा व्यास सुमारे १२५ नॅनोमीटर असतो. कवचाचा मुख्य घटक व्हीपी५. त्याच्या सहा-सहा रेणूंचे १५० हेक्सॉन आणि पाच-पाच रेणूंचे ११ पेंटॉन होतात, म्हणजे एका कॅप्सिडमध्ये व्हीपी५चे ९५५ रेणू. बाराव्या कोपऱ्यात पेंटॉनऐवजी यूएल६ या प्रथिनाच्या १२ रेणूंचे द्वार असते आणि डीएनए तिथूनच आत भरला जातो. हेक्सॉन-पेंटॉनच्या मधल्या खाचांत ३२० ट्रिप्लेक्स बसतात. प्रत्येक ट्रिप्लेक्समध्ये व्हीपी१९सीचा एक आणि व्हीपी२३चे दोन रेणू असतात. हेक्सॉनच्या टोकांवर व्हीपी२६ हे छोटे प्रथिन असते, पेंटॉनवर ते नसते.

टेग्युमेंटमध्ये व्हीपी१६, व्हीपी२२, व्हीपी१३/१४, यूएल३७ आणि तीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे अजस्र व्हीपी१/२ अशी बरीच गर्दी आहे. आवरणावर डझनभर ग्लायकोप्रोटीन असतात. पेशीत शिरण्यासाठी त्यांतली चार अपरिहार्य आहेत: बी, डी आणि एच-एल ही जोडी. पुढे त्यांना जीबी, जीडी असे म्हणू.

व्हीपी क्रमांक १९७२ मध्ये पॅट्रिशिया स्पिअर आणि बर्नार्ड रोइझमन यांनी शुद्ध केलेल्या कणांची प्रथिने जेलवर वेगळी करून दिले. क्रमांक जितका मोठा, तितके प्रथिन लहान. वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याची रीत) वाचताना हे लक्षात राहिले की पट्टी साधारण कुठे शोधायची ते लगेच कळते.

प्रथिनाचा प्रवास कागदावर काढा

प्रयोगाआधी मी हे प्रत्येकाकडून करून घेते. कोरा कागद घ्यायचा, पेशी काढायची आणि आपले प्रथिन कुठे बनते, कुठे जाते आणि कुठल्या पटलाला लागते ते बाण काढून दाखवायचे. अपेक्षा आधीच लिहिलेली असली की अनपेक्षित चित्र डोळ्यांत भरते.

साधारण वाट अशी. सगळी प्रथिने पेशीद्रव्यात बनतात. कॅप्सिडची प्रथिने केंद्रकात जातात, कारण कवच तिथे बांधले जाते आणि डीएनए तिथेच भरला जातो. भरलेले कॅप्सिड केंद्रकाच्या आतल्या पटलातून कळीसारखे बाहेर येते. यूएल३१ आणि यूएल३४ ही जोडी पटलाला हा बाक देते. मिळालेले तात्पुरते आवरण बाहेरच्या पटलाशी एकरूप होते आणि उघडे कॅप्सिड पेशीद्रव्यात उतरते. तिथे टेग्युमेंटचा मोठा भाग चढतो. शेवटी ट्रान्स-गॉल्जी जाळे आणि एंडोसोम यांच्याकडून आलेल्या पटलात कॅप्सिड गुंडाळले जाते आणि पक्के आवरण मिळते. ग्लायकोप्रोटीन तिथे आधीच पोचलेली असतात. ती एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर बनून गॉल्जीमार्गे आलेली असतात.

या वाटेत एक महत्त्वाची खोच आहे. व्हीपी५ला एकट्याने केंद्रकात जाता येत नाही. प्लाझ्मिडवरून, म्हणजे पेशीत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वलयावरून, फक्त व्हीपी५ बनवले तर ते पेशीद्रव्यातच राहते. सोबत व्हीपी१९सी किंवा मचाणाचे प्रथिन (कवच बांधताना आतून तात्पुरता आधार देणारे, यूएल२६.५चे उत्पादन) दिले, तर त्याचा हात धरून ते आत जाते. व्हीपी१९सी मात्र स्वतःच केंद्रकात पोचते. व्हीपी२३ एकटे असले तर पेशीभर पसरते आणि व्हीपी१९सी असले तर केंद्रकात गोळा होते. म्हणून एकट्या प्लाझ्मिडने दिसलेली जागा आणि संसर्गात दिसलेली जागा एकच असेल असे धरून चालू नका. ती वेगळी निघाली तर प्रयोग फसला असे नाही. त्या प्रथिनाला जोडीदार लागतो, ही माहिती तुमच्या हाती आली.

पेशी आणि संसर्ग

हा विषाणू जैवसुरक्षा स्तर २ मध्ये हाताळायचा असतो. फिक्स होईपर्यंतचे सर्व काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये करा, हातमोजे दुहेरी घाला आणि डोळ्याला चुकूनही हात लावू नका, कारण कॉर्नियाचा हर्पिस दृष्टी घालवू शकतो. बोटाला जखम असेल तर त्या दिवशी काम करू नका. वापरलेले माध्यम ब्लीचमध्ये टाका. टॅग (प्रथिनाला जोडलेला ओळखीचा तुकडा) लावलेला किंवा जनुक काढलेला विषाणू वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या.

सुरुवातीला व्हेरो पेशी सोयीच्या. आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात त्यांची वाढ सुरू झाली. त्या पेशी स्वतः इंटरफेरॉन बनवत नसल्याने विषाणू त्यांत जोमाने वाढतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून त्या मागवता येतात. त्यांची एक अडचण लक्षात ठेवा: मानवी प्रथिनांविरुद्धच्या सगळ्या अँटिबॉडी माकडाच्या पेशीत चालत नाहीत. गॉल्जी किंवा रेटिक्युलमचा मार्कर (त्या भागाची ओळख पटवणारे प्रथिन) घेताना हे तपासा. जमत नसेल तर मानवी फायब्रोब्लास्ट घ्या. त्या पसरट असतात आणि चित्र फार सुंदर येते.

२४ खणांच्या प्लेटमध्ये १२ मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिप ठेवा. त्यांची जाडी ०.१७ मिलिमीटर, म्हणजे दीड क्रमांकाचीच असू द्या, कारण उच्च दर्जाची ऑब्जेक्टिव्ह याच जाडीसाठी बनवलेली असतात. संसर्गाच्या वेळी पेशींनी काचेचा साठ-सत्तर टक्के भाग व्यापलेला असावा. त्याहून दाट झाल्या तर त्या उंच होतात आणि केंद्रक व पेशीद्रव्य एकमेकांवर दिसू लागतात.

किती विषाणू घालायचा? सगळ्या पेशी एकाच वेळी संसर्गित हव्यात तर पेशीमागे ५ ते १० संसर्गक्षम कण. पॉयसनच्या हिशेबाने ५ कणांना एक टक्क्याहून कमी पेशी सुटतात, १ कणाला सुमारे ३७ टक्के. माझा आग्रह असा, की प्रत्येक वेळी एक कव्हरस्लिप १ कणाच्या प्रमाणात ठेवावी. तिथे संसर्गित आणि निरोगी पेशी एकाच काचेवर, एकाच अँटिबॉडीत शेजारी-शेजारी असतात. याहून प्रामाणिक तुलना मिळत नाही.

खणात १००-१५० मायक्रोलिटर द्रव घाला, ३७ अंश सेल्सिअसला एक तास ठेवा आणि दर १५ मिनिटांनी प्लेट हलवा, म्हणजे मधला भाग कोरडा पडत नाही. तासानंतर पीएच ३.० असलेल्या सायट्रेट बफरने एक मिनिट धुवा, म्हणजे बाहेर चिकटून राहिलेले कण निकामी होतात. लगेच दोनदा पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारट बफरने) धुऊन माध्यम घाला. वेळेची मोजणी कधी सुरू केली, विषाणू घातल्यावर की धुतल्यावर, हे वहीत लिहा. दोन लोकांच्या ‘सहा तासां’त एक तासाचा फरक पडतो तो इथेच.

वेळा ठरवणे

मी २, ४, ६, ८, १२ आणि १६ तास घेते. एक पूर्ण चक्र सुमारे १८ तासांचे असते.

दोन तासांना व्हीपी५च्या अँटिबॉडीने केंद्रकाभोवती बारीक ठिपके दिसू शकतात. ती नवी प्रथिने नव्हेत. बाहेरून आलेली कॅप्सिड सूक्ष्मनलिकांवरून डायनिनच्या साहाय्याने केंद्रकापर्यंत पोचलेली असतात. खात्री करायची तर एका कव्हरस्लिपला सायक्लोहेक्सिमाइड द्या. नवे प्रथिन बनणे बंद होऊनही ठिपके राहिले तर ते आलेले कणच.

रचनात्मक प्रथिने बहुतेक उशिरा बनणारी असली तरी त्यांच्यातही दोन गट आहेत. व्हीपी५, जीबी, जीडी डीएनएची प्रत बनण्याआधीच थोडी थोडी दिसू लागतात. जीसी मात्र डीएनए प्रतिकृतीवर पूर्ण अवलंबून असते. म्हणून फॉस्फोनोअसेटिक आम्ल किंवा असायक्लोव्हिर ही विषाणूच्या डीएनएची प्रत बनणे रोखणारी औषधे दिलेली कव्हरस्लिप फार उपयोगी पडते. तिथे जीसी दिसत असेल तर औषध लागू पडलेले नाही किंवा अँटिबॉडी भलतेच काही धरते आहे.

फिक्सेशन: इथेच उत्तर बदलते

प्रत्येक नव्या प्रथिनासाठी एकाच वेळेच्या तीन कव्हरस्लिप तीन वेगळ्या रीतींनी तयार करा. वेळ जास्त जातो, पण ही पायरी वगळू नका.

पहिली: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटे, मग ५० मिलीमोलर अमोनियम क्लोराइडने १० मिनिटे उरलेले अल्डिहाइड शमवणे, मग पटलांना छिद्रे पाडणारे ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटे. प्रथिने जागच्या जागी बांधली जातात, पण कधी कधी अँटिबॉडी जिथे बसायची ती जागाच झाकली जाते. केंद्रकातल्या कॅप्सिडच्या दाट गर्दीत हे विशेष घडते.

दुसरी: उणे २० अंशांचे मिथेनॉल, ५ ते १० मिनिटे. मेद धुतले जातात आणि प्रथिने साकळतात. झाकलेल्या जागा उघड्या होतात म्हणून संकेत अनेकदा जास्त चमकदार येतो आणि नवखा माणूस तिथेच फसतो. विरघळणारे किंवा सैल बांधलेले प्रथिन या काळात सरकू शकते. व्हीपी२२चा धडा तोच. पटलातल्या ग्लायकोप्रोटीनसाठी मला ही रीत मुळीच पसंत नाही.

तिसरी: पॅराफॉर्मल्डिहाइड, पण ट्रायटनशिवाय. अँटिबॉडी आत जाऊच शकत नाही, म्हणून फक्त पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरची ग्लायकोप्रोटीन उजळतात. सोबत व्हीपी५ची अँटिबॉडीही लावा. व्हीपी५ दिसले तर पटल फाटले आहे आणि ती काच बाद.

याखेरीज एक जास्तीची युक्ती. प्रथिन केंद्रकाच्या कडेला दिसते, पण आतून की बाहेरून? डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरते, म्हणून योग्य प्रमाणात ते पेशीचे पटल उघडते आणि केंद्रकाचे पटल शाबूत ठेवते. प्रमाण आपल्या पेशींवर बसवून घ्या. लॅमिनची (केंद्रकाच्या पटलाला आतून अस्तर असणाऱ्या प्रथिनाची) अँटिबॉडी आत शिरली नाही, तर समजा जमले. डिजिटोनिनमध्ये दिसणारे कडे बाहेरच्या बाजूचे, फक्त ट्रायटनमध्ये दिसणारे आतले.

पहिल्या दोन रीतींत जागा वेगळी आली तर जिवंत पेशीत फ्लुओरेसंट टॅग लावलेले प्रथिन पाहणे हाच निवाडा. मात्र टॅगही निर्दोष नसतो. व्हीपी२६ला जोडलेल्या काही टॅगांमुळे केंद्रकात प्रथिनांचे गोळे तयार होतात. टॅगवाला विषाणू मूळ विषाणूइतकाच वाढतो का, हे आधी मोजा.

अँटिबॉडी आणि हर्पिसचा खास सापळा

जीई आणि जीआय ही ग्लायकोप्रोटीनची जोडी आयजीजी अँटिबॉडीचे शेपूट, म्हणजे एफसी भाग, धरून ठेवते. विषाणूला याचा फायदा रोगप्रतिकारापासून बचाव करायला होतो. आपल्याला मात्र खोटा संकेत मिळतो. सशाची कुठलीही आयजीजी, ती कशाविरुद्धही असो, संसर्गित पेशीच्या पटलावर बसते आणि चित्र इतके नीटस दिसते की शंका येत नाही. निरोगी पेशीत जीई नसते, त्यामुळे संसर्ग न दिलेले नियंत्रण स्वच्छ राहते आणि विश्वास आणखी वाढतो. उंदराच्या आयजीजीला ही जोडी जवळजवळ धरत नाही.

म्हणून नेहमीच्या नियंत्रणांखेरीज एक नियंत्रण सक्तीचे माना: १२ तासांच्या संसर्गित पेशींवर सशाची असंबद्ध आयजीजी, तुमच्या अँटिबॉडीइतक्याच प्रमाणात. उजळले तर एफसी. टाळण्यासाठी शक्य तिथे उंदराची मोनोक्लोनल (एकच जागा ओळखणारी) अँटिबॉडी घ्या किंवा अँटिबॉडी लावण्याआधी मानवी आयजीजीच्या एफसी तुकड्यांनी ते ग्राहक भरून टाका. काही जण यासाठी साधे मानवी सीरम वापरतात. पण बहुतेक प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतात आणि त्या तुमच्या जीबी-जीडीवर आधीच जाऊन बसतील. सीरम वापरायचेच तर हर्पिससाठी निगेटिव्ह असलेले घ्या. दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला धरणारी रंग लावलेली अँटिबॉडी, मानवी आयजीजीला धरत नाही ना, हेही पाहा.

कॅप्सिडच्या काही मोनोक्लोनल फक्त हेक्सॉनमधले व्हीपी५ ओळखतात, काही फक्त पेंटॉनमधले. अशी अँटिबॉडी सुटे, न जुळलेले व्हीपी५ दाखवेलच असे नाही. तेव्हा ‘चार तासांना व्हीपी५ नाही’ याचा अर्थ ‘चार तासांना जुळलेले कवच नाही’ इतकाच असू शकतो.

प्रत्यक्ष लावण्याची कृती सोपी आहे. ओलसर डब्यात पॅराफिल्मवर अँटिबॉडीचा ३०-४० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा आणि कव्हरस्लिप पेशींची बाजू खाली करून त्यावर टेकवा. खोलीच्या तापमानाला एक तास, पीबीएसने तीनदा धुणे, अंधारात दुय्यम अँटिबॉडी पाऊण तास, पुन्हा धुणे, डीएपीआय (डीएनएला चिकटणारा निळा रंग), माउंटिंग माध्यम. दोन रंग एकत्र वापरण्याआधी प्रत्येक रंग एकटा लावून दुसऱ्या चॅनेलमध्ये काही सांडत नाही ना ते पाहा.

काय दिसेल आणि ते कसे वाचायचे

आधी डीएपीआय पाहा. उशिराच्या संसर्गात पेशीचे क्रोमॅटिन केंद्रकाच्या कडेला ढकललेले असते आणि मध्ये अंधारी पोकळी दिसते. तिथे विषाणूच्या डीएनए प्रतिकृतीचे कप्पे असतात. विषाणूच्या डीएनएला धरणाऱ्या आयसीपी८ या प्रथिनाची अँटिबॉडी ते दाखवते. व्हीपी५ आणि व्हीपी१९सी ६ ते ८ तासांना याच भागात भरतात आणि नंतर पेशीद्रव्यात वेगवेगळे ठिपके दिसू लागतात. जास्त विषाणू घातला असेल तर उशिरा केंद्रकात दाट पुंजके दिसतात. १९९६ मध्ये शिकागोच्या रोइझमन यांच्या गटाने त्यांना असेम्ब्लॉन म्हटले. अर्धवट कॅप्सिडचा तो साठा आहे की बांधणीची जागा, हे नुसत्या फ्लुओरेसन्सवरून ठरवू नका.

व्हीपी१६ने बरेच जण गोंधळतात. ते कणाबरोबर आत येते, केंद्रकात जाऊन सर्वांत पहिली जनुके चालू करते आणि शेवटी टेग्युमेंटचा भाग म्हणून पेशीद्रव्यातही दिसते. केंद्रकात आणि बाहेर असे दोन्हीकडे असणे ही त्याच्या बाबतीत चूक नव्हे.

जीबी आणि जीडी केंद्रकाचे कडे, रेटिक्युलमचे जाळे, गॉल्जी आणि पेशीचे पटल अशा चारही ठिकाणी मिळतात. वेळेनुसार प्रमाण बदलते. गॉल्जी मार्करशी जुळवताना एक काळजी घ्या: या संसर्गात व्हेरो पेशींची गॉल्जी उशिरा तुटून विखुरते. १६ तासांना मार्करच विखुरलेला असेल तर ‘ग्लायकोप्रोटीन गॉल्जीत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. ही तुलना ८ तासांच्या आसपास करा आणि निरोगी पेशीतला मार्कर शेजारी ठेवा.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही विसरू नका. ५२० नॅनोमीटरचा प्रकाश आणि १.४ छिद्रांक असलेले ऑब्जेक्टिव्ह घेतले तर वेगळेपण दिसण्याची सीमा सुमारे १८६ नॅनोमीटर, आणि उभ्या दिशेत ती याहून बरीच वाईट. कॅप्सिड १२५ नॅनोमीटरचे. म्हणजे व्हीपी५चा एक ठिपका हे एक कॅप्सिड असेल किंवा तीन. केंद्रकाच्या दोन पटलांमधले अंतर तर याहूनही कमी, म्हणून ‘कॅप्सिड दोन पटलांमध्ये अडकले आहे’ हे वाक्य कॉन्फोकल (लेसरवर चालणाऱ्या फ्लुओरेसन्स) सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर लिहिता येत नाही. त्यासाठी पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. तिथे रिकामी ए, मचाणवाली बी आणि डीएनए भरलेली सी ही तीन प्रकारची कॅप्सिडही डोळ्यांनी वेगळी ओळखता येतात.

चित्रे घेताना सगळ्या काचांना लेसर, गेन आणि एक्स्पोजर एकच ठेवा आणि सर्वांत उजळ काचेवर ते बसवा. कुठल्या पेशी निवडायच्या ते डीएपीआयच्या चॅनेलमध्ये ठरवा, प्रथिनाच्या चॅनेलमध्ये नाही. नाहीतर आपल्याला आवडणाऱ्या पेशीच निवडल्या जातात. शक्य असेल तर काचांवर सांकेतिक क्रमांक घालून मोजणी सहकाऱ्याकडून करून घ्या. ‘केंद्रकात’, ‘पेशीद्रव्यात’ आणि ‘दोन्हीकडे’ असे तीन रकाने पुरतात.

शेवटी चित्राला दुसऱ्या मार्गाची जोड द्या. केंद्रक आणि पेशीद्रव्य वेगळे करून दोन्हींचा वेस्टर्न ब्लॉट करा. केंद्रकासाठी लॅमिन आणि पेशीद्रव्यासाठी ट्युब्युलिन हे मार्कर त्याच ब्लॉटवर दाखवा. ते प्रथिन नसलेला उत्परिवर्ती विषाणू उपलब्ध असेल तर त्याची एक काच लावाच. त्या काचेवर संकेत पूर्ण गेला, तरच तुमची अँटिबॉडी त्या प्रथिनाची. आकृतीखालच्या ओळीत पेशीचा प्रकार, विषाणूचा स्ट्रेन, पेशीमागे किती कण, किती तास, कशाने फिक्स केले आणि एफसी कसे रोखले, हे सगळे लिहा.